दोतोर, एक प्रश्न विचारायचा राहिला

गोव्यातल्या सर्व डॉक्टर मंडळींस, गावच्या दवाखान्यात बसणाऱ्यांपासून मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञांपर्यंत,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी सिस्टर कागद घेऊन खाटेपाशी आली आणि एकेक विचारू लागली. डायबेटिस? नाही. दमा? नाही. सिगारेट, बिडी? नाही. तंबाखू, गुटखा? छे! दारू? लग्नाकार्याला ग्लासभर वाइन. तिने भराभर फुल्या मारल्या, खाली मी सही केली. त्यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. पण माझ्या पर्समध्ये, सॅनिटरी पॅडच्या पाकिटात, बोटभर लांबीचं एक वेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, होतं. रात्री दोन वाजता मी टॉयलेटमध्ये जाऊन एक्झॉस्ट फॅनखाली उभी राहिले आणि मन भरेपर्यंत ओढलं. सकाळी दुसरी सिस्टर आली ती नाक वर करून म्हणाली, "कोणी मानकुराद आणलेत काय गो?" (त्या फ्लेवरच्या आंब्याला मानकुराद म्हणणं हा मानकुरादाचा अपमान आहे, पण तेव्हा मला हसू आलं नाही.)

ऑपरेशन नीट झालं. पुढचे दोन दिवस मात्र मी माणसात नव्हते. डोकं ठणकत होतं, हाताला चाळा लागला होता. नवऱ्यावर उगाच ओरडले आणि मग उशीत तोंड खुपसून रडले. मी अस्वस्थ दिसते म्हणून डॉक्टर दोनदा बघून गेले. "घाबरली आहे," नवऱ्याने सांगितलं. झोपेची गोळी मिळाली. वेप न मिळाल्याने हे होतंय, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. डॉक्टरांचा यात काही दोष आहे असं मी म्हणत नाही. त्यांच्या कागदावर वेपचा प्रश्नच नव्हता.

हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. वय ४१. माहेर पेडण्याचं, सासर डिचोली तालुक्यातलं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात हिशेब बघते, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी. सिगारेट तिथेच शिकले, मागच्या गेटपाशी, किचनच्या पोरांबरोबर. दिवसाला चार, फार तर पाच. घरी येण्याआधी बडीशेप, डिओ, कधी कधी केस धुणं. सासूबाईंचं नाक तिखट. लॉकडाऊननंतर कामावरच्या एका मैत्रिणीने वेप हातात दिलं. वास नाही, राख नाही, काडेपेटी नको. महिन्याभरात सिगारेट सुटली आणि सकाळचा खोकला गेला. मला वाटलं, जिंकले.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मग वाईट काय झालं? प्रश्न रास्त आहे. वेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे सिगारेटच्या धुरातला डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात नसतो. सिगारेट सुटत नसलेल्या माणसाला इंग्लंडमधले डॉक्टर वेपकडे वळायला सांगतात, हेही मला माहीत आहे. माझी तक्रार निराळी आहे. सिगारेट संपते. ती विझवायची, थोटूक टाकायचं, पुन्हा कामाला लागायचं. वेपला शेवटच नाही. एक झुरका, फोन बघितला, आणखी एक. कॅलक्युलेटरच्या शेजारी ठेवलेलं, भाजी ढवळताना ओट्यावर ठेवलेलं, रात्री उशीखाली. पाच सिगारेटी ओढणारी बाई चार वर्षांत अशी झाली की तिला दोन तास सलग सिनेमा बघवेना.

चवथीचं, म्हणजे आमच्या गणेश चतुर्थीचं, सांगते. मूळ घरी आम्ही तीस-बत्तीस माणसं जमतो. तीन खोल्या, एक न्हाणीघर, आणि सगळीकडे पोरं. एका वर्षी माटोळीला (गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला) काहीतरी कमी पडलं. कोणी कांगलां म्हणालं, कोणी माट्टुलं. मी म्हटलं, मी आणते. सुनेचा केवढा उत्साह! विहिरीपलीकडच्या बागायतीत छत्री धरून उभी राहिले, पाऊस मी म्हणत होता, आणि पंधरा मिनिटं नुसती ओढत बसले. दिवसभरात अशी सात वेळा बाहेर गेले. आरती चालू असताना माझं लक्ष शेवटचं कडवं कधी येतं याकडे. धाकट्या जावेने संध्याकाळी हळूच विचारलं, "पोट बिघडलंय काय गो तुझं?" मी हो म्हटलं. तिने ओव्याचं पाणी करून दिलं, ते मी प्याले.

आता वस्तूबद्दल. तुम्हाला रसायनशास्त्र शिकवण्याचा अगोचरपणा नाही; पण माझ्या फॅमिली डॉक्टरांना पुढे हे मलाच सांगावं लागलं, म्हणून लिहिते. साधं निकोटिन जास्त प्रमाणात ओढलं तर घशाला चावतं. ते चावणंच माणसाला थांबवतं. आताच्या उपकरणांत निकोटिनचा क्षार असतो: त्यात बेन्झॉइक आम्ल घालतात (सरबताच्या बाटलीवर सोडियम बेन्झोएट लिहिलेलं असतं, त्याच घरातलं) आणि घसा तक्रार करत नाही. चावणं गेलं की लगामही गेला. माझ्या खोक्यावर लिहिलेलं असायचं १० मिली, ५ टक्के, ५००० पफ. ५ टक्के म्हणजे मिलीमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या एका वेपच्या काडीत ५०० मिलिग्रॅम निकोटिन. युरोपात मिलीमागे २० मिलिग्रॅमच्या वर विकता येत नाही आणि टाकीही २ मिलीचीच लागते. एका सिगारेटमधून रक्तात जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम जातं. वेपमधलं सगळंच शरीरात मुरतं असं नाही, तरी मी एक काडी नऊ-दहा दिवसांत संपवत होते. हिशेब हा माझा धंदा, पण हा हिशेब मी चार वर्षं मांडला नव्हता.

शिवाय खोक्यावर छापलेलं खरं की खोटं, ते सांगणारं कोणी नाही. आपल्या देशात ही वस्तू २०१९ पासून बंद आहे. त्या वर्षी १८ सप्टेंबरला वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कायदा बरोबर की चूक, यात मला पडायचं नाही. विकायला पुन्हा मोकळीक द्या असं तर मुळीच म्हणत नाही. माझा मुलगा अकरावीत आहे. पण बंदी असलेल्या मालावर तपासणी नसते, एवढं तर खरं. मी चार वर्षं काय ओढलं ते मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही.

या बंदीचा एक परिणाम तुमच्या टेबलापर्यंत पोचतो. आम्ही तुम्हाला सांगत नाही. बेकायदा वस्तू, कशाला बोलायचं! डॉक्टर केस-पेपरवर लिहितील, तो कागद कुठे कुठे फिरेल. त्या कायद्याचं लांबलचक नाव मी सावकाश वाचून काढलं: उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा, जाहिरात. ओढणं हा शब्द त्या यादीत नाही. हे मला ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी कळलं. ते तुमच्या तोंडून आधी कळलं असतं तर त्या रात्री मी सिस्टरला खरं सांगितलं असतं का? खात्रीने नाही सांगता येत. निदान शक्यता होती. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, जखम उशिरा भरते, नाडी आणि रक्तदाब चढतो. हे भूल देणाऱ्याला आधी ठाऊक असायला हवं की नको?

ऑपरेशन करून घरी आले त्या दिवशी मी पहिल्यांदा काय केलं असेल? पोटाला टाके, खोकला आला की जीव जातोय असं वाटे, तरी उशीचा आधार धरून ओढलं. तेव्हा मात्र स्वतःची लाज वाटली.

जुलैत, एका मंगळवारी दुपारी, शेडखाली उभ्या केलेल्या स्कूटरवर बसून मी तंबाखू सोडण्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. १८००-११-२३५६. फुकट आहे. सोमवारी बंद असते, म्हणून मंगळवार. पलीकडे मराठी बोलणारी मुलगी होती. तिने विचारलं, "दिवसाला किती?" आणि मी गप्प. सिगारेट असती तर सांगितलं असतं, पाच. वेपचं काय सांगू? झुरके कोण मोजतं? तिने प्रश्न बदलला. "सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिला ओढता?"

दोतोर, हा प्रश्न लक्षात ठेवा. तुम्ही तो तंबाखूवाल्यांना विचारत असाल. व्यसन किती खोल आहे ते मोजणाऱ्या फॅगरस्ट्रॉमच्या चाचणीत सर्वांत जास्त वजन असलेल्या दोन प्रश्नांतला तो एक आहे. माझं उत्तर होतं, डोळे उघडायच्या आधी. हाताने उशीखाली चाचपायचं, ओढायचं, मग डोळे. कधी पहाटे तीनलाही. तिने समजावलं की रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून रात्रभर उपाशी राहिलेला मेंदू उठवतो. इतकी वर्षं मी त्याला रात्रपाळीमुळे झोप उडाली म्हणत होते.

सोडणं एका झटक्यात झालं नाही. आधी वेप झोपायच्या खोलीतून बाहेर गेलं, रात्री स्कूटरच्या डिकीत. पहाटे तीनला पावसात खाली उतरून डिकी उघडायची की झोपायचं, असा प्रश्न आला की दहातले सात वेळा आळस जिंकायचा. माझ्या आळसाने आयुष्यात केलेलं हे एकमेव सत्कार्य. मग न्हाणीघर बंद. मग कदंबाच्या बसमधला शेवटच्या सीटवरचा झुरका बंद. ऑगस्टच्या शेवटी, चवथीच्या तोंडावर, निकोटिनचं चुइंगम आणलं, २ मिलिग्रॅमचं, त्याला चिठ्ठी लागत नाही. फार्मसीवाल्याने पुडी हातात ठेवली आणि पैसे घेतले. मी ते पोरं बबलगम खातात तसं कचाकचा चघळलं. उचक्या, मळमळ, घसा जळतोय. दोन दिवसांत फेकून देणार होते. हेल्पलाइनवरच्या मुलीने सांगितलं: थोडं चावायचं, मिरीसारखी चरचर आली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. चरचर गेली की पुन्हा थोडं चावायचं. अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी नको, आंबट काही नको, कारण तोंड आंबट असलं की निकोटिन गालातून आत जात नाही. आणि मी रोज जेवणावर सोलकढी पिऊन लगेच गम तोंडात टाकत होते! एवढी साधी गोष्ट गोव्यातल्या एखाद्या डॉक्टरच्या तोंडून ऐकायला किती आवडली असती. सोलकढीचं उदाहरण दिल्लीच्या पत्रकात कुठून येणार?

पहिले तीन दिवस वाईट. चौथ्या दिवशी फोडणीचा वास नाकात गेला आणि वाटलं, अरे, हे होतं होय. भूक वाढली, तीन किलो चढले. बद्धकोष्ठ झालं, ते कोणी आधी सांगत नाही. रात्रपाळीत दोन ते चारची वेळ सगळ्यांत कठीण. त्या वेळात मी टेबलाचा खण आवरत बसायचे, आता तो खण अख्ख्या हॉटेलात सर्वांत नीटनेटका आहे. दीड महिना निभावलं.

आणि दिवाळीत, नरकासुराच्या रात्री घसरले. वाड्यावर कर्णे वाजत होते, पोरं नरकासुराच्या पुतळ्याला हात बसवत होती, भाचीने तिचं वेप पुढे केलं. मी चारपाच झुरके ओढले आणि पहाटे नरकासुर जळायच्या आधी पुन्हा दोन. भाचीचं वय २३. तिने सिगारेट कधीच ओढली नव्हती. तिची सुरुवातच या काडीने झाली. ऑफिसातल्या तिच्या टेबलावर आठ जणांपैकी पाच जण ओढतात, असं तीच म्हणाली. दुसऱ्या दिवशी फोव (पोहे) खाताना आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. त्या दिवसापासून आजवर मी ओढलेलं नाही. ती ओढते आहे.

तिच्यासाठी हे पत्र आहे, असं म्हटलं तरी चालेल. कारण तुमच्याकडे औषध आहे. चुइंगमच्या पलीकडचंही. वॅरेनिक्लिन हे सिगारेट सोडवायचं जुनं औषध वेपवर चालतं का, हे इटलीत रोज वेप ओढणाऱ्या १४० जणांवर बघितलं गेलं; २०२३ साली निकाल आले. एका गटाला औषध, दुसऱ्याला औषध नसलेली साधी गोळी; सोडण्याचा सल्ला दोन्ही गटांना होता. औषध घेतलेल्यांत ४० टक्क्यांनी सोडलं, साध्या गोळीवाल्यांत २० टक्क्यांनी. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या १६ ते २५ वयाच्या २६१ जणांचा अभ्यास आला. बारा आठवड्यांच्या शेवटी औषधाने ५१ टक्के सुटलेले, साध्या गोळीने १४. चोवीस आठवड्यांनी ते आकडे २८ आणि ७ वर उतरले, म्हणजे घसरणारी मी एकटी नाही. निकोटिनचा पर्याय देणारी औषधं २०२२ मध्ये आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली आहेत. पण विचारल्याशिवाय देणार कोणाला?

गोव्याला हे काम नवं नाही. सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकणं बंद करणारा कायदा आपण १९९७ सालीच केला, देशाचा कायदा २००३ मध्ये यायच्या कितीतरी आधी. त्यामागे डॉ. शरद वैद्य होते, पेशाने शल्यविशारद, तुमच्यातलेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत कमी गोव्यात निघालं, ९.७ टक्के. या आकड्याचा मलाही अभिमान आहे. फक्त माझ्यासारखी बाई "तंबाखू?" या प्रश्नाला "नाही" म्हणूनच उत्तर देते, आणि मनापासून देते. काडीवर कुठे तंबाखूचं पान दिसत नाही. आंबा दिसतो, कलिंगड दिसतं.

म्हणून विचारताना शब्द बदला. "धूम्रपान करता का?" यावर आम्ही नाहीच म्हणणार. "वेप ओढता का? घरात कोणी ओढतं का?" असं सरळ विचारा. बाईला विचारताना तिची सासू, नवरा, आई यांना मिनिटभर बाहेर बसवा. आपल्याकडे पेशंटबरोबर अर्धं घर आत येतं. ती हो म्हणाली तर भुवया वर नकोत. किती, असं विचारू नका, उठल्यावर किती वेळाने ते विचारा. आणि "सोडून दे, वाईट आहे" एवढंच बोलून पुढच्या पेशंटला हाक मारू नका. कारण जी माणसं सिगारेटवरून वेपवर आली, त्यांना हात रिकामा करून घरी पाठवलंत तर ती पहिल्या तापलेल्या दिवशी गाड्यावर जाऊन सिगारेट घेतात. मीही सप्टेंबरात एकदा गाड्यापर्यंत गेले होते. सुटे पैसे नव्हते म्हणून परतले.

माझ्या फॅमिली डॉक्टरांना मी हे सगळं डिसेंबरात सांगितलं. वीस वर्षांची ओळख. ते थोडा वेळ पेन फिरवत बसले आणि म्हणाले, "माझ्या लक्षातच आलं नाही गो." मग ड्रॉवरमधून माझा जुना कागद काढून, तंबाखू आणि दारूच्या मधल्या जागेत, त्यांनी हाताने बारीक अक्षरात "वेप" लिहिलं. त्यांच्या पुढच्या छापील कागदांवर ती ओळ येईल, असं म्हणाले आहेत. तुमच्या येईल का?

आपली नम्र,
डिचोली तालुक्यातली एक पेशंट

ता.क. एक अडचण राहिली आहे, तुमच्या खात्यातली नाही, पण कोणाला तरी विचारायची आहे. कपाटात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझ्या संपलेल्या एकोणीस काड्या आहेत. प्रत्येकीत लिथियमची बॅटरी. पंचायतीच्या कचऱ्याच्या गाडीत टाकवत नाहीत, दबल्या तर पेट घेतात म्हणतात, आणि कुठे साळगावच्या प्रकल्पात आग लागायला नको. जिथे घेतल्या तिथे परत नेण्यात अर्थ नाही, तो माणूस तर आपण त्या कधी विकल्याच नाहीत म्हणेल. त्या कोण घेतं, हे ठाऊक असेल तर कळवा.